तलवारीला माझा नमस्कार

मलिंगार,
१२ जानेवारी २०२५

प्रिय शोभनाआत्या,

साष्टांग नमस्कार. खरं तर अर्धाच, कारण अनुष्का माझ्या मांडीवर डोकं ठेवून टीव्ही बघतेय आणि नऊ वर्षांची घोडी हलायला तयार नाही. तुला फोनवर ऐकू येत नाही, कानात यंत्र घालायचं नाही, वर टायपिंगचा कंटाळा. म्हणून माझ्यासारख्या भूल देणाऱ्या डॉक्टरणीला अडतिसाव्या वर्षी शाळेतल्यासारखी मराठी पत्रं लिहावी लागतायत. पण हरकत नाही. तू कागदावर लिहून फोटो पाठवतेस, ते अक्षर बघूनच बरं वाटतं.

बातमी अशी, की तुझी भाची राजाची रखेल झालीय.

दचकू नकोस. नाटकात! इथे गावोगावी हौशी नाटकमंडळ्या असतात. आमच्या मंडळीची सर्वेसर्वा नोरीन, शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेली. मागच्या वर्षी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. मी पाठीत सुई लावता लावता तिच्याशी गप्पा मारत होते, तर बाई म्हणते, "तुमचा आवाज हॉलच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल." झालं, चालायला लागल्याबरोबर मला पकडायला आली.

नाटक तिनंच लिहिलंय. पाचशे वर्षांपूर्वीची इटली, एक छोटं राज्य, तिथला ड्यूक आणि त्याची ओर्सोला. इतिहासात शोधू नकोस, ही बाई नोरीनच्या डोक्यातून आलीय. ड्यूक आहे पॉरिक, म्हणजे आमचा दूधवाला शेतकरी. युअर मॅन, म्हणजे इथल्या भाषेत हा गडी, गायींची धार काढून थेट तालमीला येतो, त्यामुळे प्रेमप्रसंगात मला श्वास रोखून धरावा लागतो. माझ्या झग्याला बाह्या वेगळ्या आहेत, रोज नाड्यांनी खांद्याला बांधायच्या. त्या काळी तशीच पद्धत होती म्हणे.

अडचण एकच. माझी ओर्सोला प्रत्येक प्रवेशात रडते. खिडकीपाशी रडते, आरशापाशी रडते, ड्यूकच्या बायकोला बघून तर हमसून हमसून. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते नोरीनला सांगता येत नाही. तू संस्थानी गावात वाढलीस, जुनी माणसं बघितलीस. अशी बाई दिवसभर करते तरी काय? बसते कशी, चालते कशी?

प्रयोग २२ मार्चला. तेव्हा बाबा इथेच असतील. त्यांना अजून सांगितलेलं नाही मी कोण झालेय ते. सांगीन.

तुझी,
अश्लेषा


मिरज,
१९ जानेवारी

चि. अश्लेषा,

आशीर्वाद भरपूर आणि रागही भरपूर. आधी राग घे.

"रखेल" हा शब्द पुन्हा लिहिलास तर पुढचं पत्र न वाचता ठेवून देईन. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! भांडी ठेवतात, गाय ठेवतात. बाई राहते. आपल्या मनानं राहते नाहीतर निघून जाते.

आता तुझी ती ओर्सोला. अगं, रडायला वेळ कुठे असतो तिला? सकाळी तोंड धुवून होत नाही तोवर ओसरीवर माणसं बसलेली असतात. कुणाच्या पोराला खजिन्यात चिकटवायचंय, कुणाचं शेत भावानं दाबलंय, कुणी परगावचा गवय्या दरबारात गायला मिळावं म्हणून आलाय. कुणाचं म्हणणं सरकारांच्या कानावर घालायचं आणि कधी घालायचं, हे तिनं ठरवायचं. जेवणाआधी नाही. शिकारीहून हात हलवत आले असतील त्या दिवशी तर मुळीच नाही. राणीचे नोकर हिच्या घरी काय शिजलं ते रोज नेऊन सांगतात, म्हणून स्वयंपाक्यावर लक्ष. सरकारांचं पोट बिघडलं तरी आळ हिच्यावर, म्हणून पहिला घास हिचा. राणी चुकली तरी राणीच राहते. हिला चुकायची सोय नसते. डोकं इतकं जागं ठेवावं लागतं की संध्याकाळी नुसतं गप्प बसावंसं वाटतं.

आणि बसायचं कसं विचारतेस, तर ताठ. कुणासाठी उठायचं नाही. गाणारी बाई असेल तर ती गादीवर आणि ऐकणारा खाली जाजमावर, मग तो सरकार का असेना. मधेच आले तर त्यांनी हळूच येऊन बसावं. गाणं अर्धं टाकून उठणं हा सुरांचा अपमान. हे तुझ्या नोरीनला सांग, आणि त्या गवळ्याला खाली बसव.

मला कसं ठाऊक असं विचारशील. ऐकलंय.

रवीला मात्र लौकर सांग. तुझा बाप नाकासमोर चालणारा माणूस आहे, पण काही गोष्टींना तो फार हळवा आहे. परदेशात जाऊन त्याला धक्का नको.

शोभनाआत्या


मलिंगार,
२ फेब्रुवारी

आत्या गं,

तू कमाल आहेस! तुझं पत्र तालमीत इंग्रजी करून वाचून दाखवलं. पॉरिक खाली बसला, त्याचा गुडघा वाजला, आणि मी वरून त्याच्याकडे बघितलं तर सगळा प्रवेशच बदलला. नोरीननं रडण्याच्या ओळींवर तिथल्या तिथे काट मारली.

पण खरी बातमी पुढेच आहे. काल नोरीन घरी चहाला आली होती. तेवढ्यात बाबांचा व्हिडिओ कॉल. पुण्याच्या हॉलमध्ये कोट घालून बसलेले, मागे भिंतीवर ती महाराजांची मोठी तसबीर. नोरीननं विचारलं, हे कोण? आणि आत्या, बाबांनी जी गोष्ट सांगितली ती मी आजवर ऐकलीच नव्हती! त्यांच्या आजीला म्हणजे माझ्या पणजीला लग्नासाठी महाराजांची तलवार आली होती. पालखीतून, वाजतगाजत! संस्थानिक स्वतः येत नसत, तलवार पाठवत आणि बाईचं लग्न तलवारीशी लागे, तिला खांडाराणी म्हणत, हे सगळं त्यांनी इंग्रजीत नीट समजावून सांगितलं. "द स्वोर्ड केम टु अवर हाउस," असं म्हणाले आणि थांबले. इतके रुबाबदार दिसत होते ना!

नोरीनच्या डोळ्यांत पाणी. तिनं लगेच नाटकाचा शेवट बदलला. आता ड्यूकची तलवार ओर्सोलाच्या दारात येते, ती तलवारीशी लग्न करते आणि पडदा. प्रोग्रॅममध्ये माझ्या नावाखाली छापणार, "एका खांडाराणीची पणती." अनुष्का तर शाळेत सांगून आली. मला विचारते, "सो वॉज शी अ क्वीन, लाइक?" मी म्हटलं, हो बाई, क्वीनच.

तू मला कधी बोलली का नाहीस? माझी पणजी राणी होती आणि मला ठाऊक नाही!

(बाबांना म्हटलंय की मी दरबारातली एक मोठी बाई झालेय. खोटं नाहीच ना ते?)

तुझी,
अश्लेषा


मिरज,
२३ फेब्रुवारी

चि. अश्लेषा,

इतके दिवस लिहिलं नाही म्हणून काळजी केलीस, पण मी ठणठणीत आहे. लिहीत होते आणि फाडत होते. आज फाडणार नाही.

अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालीस तू. दोष तुझा नाही. रवीनं गोष्ट अर्ध्यावर सोडली. तो नेहमी तिथेच सोडतो. तलवार आली होती यात तिळमात्र खोटं नाही. पुढचं ऐक.

तुझ्या पणजीचं नाव लीलावती. आमची आजी. ती गाणारी होती. सरकारांनी तिला दरबारात ऐकलं आणि मग गावात तिला घर बांधून दिलं. लग्न नव्हतं. अशा बाईला नाटकशाळा म्हणायचे. राणीसाहेबांपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या पत्रात तुला जे जे लिहिलं, ओसरीवरची माणसं, पहिला घास, गादी आणि जाजम, ते सगळं तिचं. आमचे वडील त्याच घरात जन्मले.

वडील तीन वर्षांचे असताना सरकारांच्या मनात आलं की हिचं काहीतरी रीतसर करावं. स्वतः बोहल्यावर उभे राहिले असते तर राणीसाहेबांचं माहेर बिथरलं असतं. म्हणून तलवार. पाटावर नवऱ्याच्या जागी तलवार ठेवायची, मुठीला मुंडावळ्या, मधे अंतरपाट, वर अक्षता. मग बाईनं जनान्यात राहायला जायचं. पट्टराणीचा मान नाही, पण बोट दाखवायची कुणाची छाती नाही.

तलवार आली. पुढं ताशा, मागं कारभारी, भटजी, शालूचं ताट. सगळी गल्ली दारांत. हे मला आजीनं स्वतः सांगितलंय, माझ्या वेण्या घालताना. ती घट्ट वेणी घालायची आणि गोष्ट रंगली की केस आणखी ओढले जायचे.

आजीनं कारभाऱ्यांना विचारलं, "लग्नानंतर मी गायचं कुठं?"

कारभारी म्हणाले, "बाईसाहेब, जनान्यात गाणं कसलं?"

"माझे उस्ताद शिकवायला येतील?"

"परपुरुष आत कसा येईल?"

"मग मी त्यांच्याकडे गेले तर?"

"गोशातली बाई बाहेर कशी पडेल?"

तेव्हा आजी उठली. कुणासाठी न उठणारी बाई उठली. आत जाऊन निरांजन आणलं, तलवारीच्या मुठीला कुंकू लावलं, ओवाळलं, नारळ ठेवला. भोयांपासून भटजींपर्यंत सगळ्यांना शिरापुरी वाढली. आणि हात जोडून कारभाऱ्यांना म्हणाली, "तलवारीला माझा नमस्कार. सरकारांना सांगा, मी माणसाकडे राहिलेय. लोखंडाकडे नांदायला जायची नाही."

पालखी निघाली, तर ताशेवाल्यांना कळेना वाजवावं की गप्प राहावं. आजी दारातून ओरडली, "वाजवा की रे! पाहुणा जेवून निघालाय." तसा कडकडाट झाला म्हणे. ती हे सांगताना हसायची, आणि माझी वेणी सुटायची.

सरकार बरेच दिवस फिरकले नाहीत. मग एका संध्याकाळी पायी आले, छत्रीवाला नाही, चोपदार नाही. जाजमावर बसले आणि म्हणाले, "आज काय गाताय?" त्या गोष्टीवर दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत.

आता रवीचं. त्या परत गेलेल्या तलवारीमुळं आमचे वडील जन्मभर "लेकावळे" राहिले. म्हणजे राजाचे, पण लग्नाशिवायचे. रवी शाळेत गेला तेव्हाही पोरं त्याला तेच म्हणायची. तो म्हणतो, आजीनं गाणं राखलं आणि आमचं नाव घालवलं. त्यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणत नाही. पण म्हणून "तलवार आली होती" एवढं सांगून गप्प बसायचं, आणि ऐकणाऱ्याला राणी समजू द्यायचं? जी बाई राणी व्हायला नाही म्हणाली, तिलाच तुम्ही मेल्यावर धरून राणी करणार?

ते छापू नकोस. छापायचंच असेल तर तिचं नाव छाप. आमच्या घरात ते कुणी मोठ्यानं घेत नाही.

शोभनाआत्या


मलिंगार,
१७ मार्च

आत्या,

आज सेंट पॅट्रिक्स डे, बाहेर मिरवणूक चाललीय, अख्खं गाव हिरवं झालंय, आणि आमच्या घरात सुतक असल्यासारखं.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं सांगता येत नाही. नोरीनला सांगितलं, तर ती टेबलावर मूठ आपटून म्हणाली, "मी इतकी वर्षं इतिहास शिकवला आणि ओर्सोलाला असा शेवट द्यायला मी घाबरले." तिनं पुन्हा सगळं लिहिलं. आता ओर्सोला तलवारीला ओवाळते आणि परत पाठवते. ताशाऐवजी आमच्याकडे बोव्हरान, म्हणजे इथला डफ, वाजवणारा एक म्हातारा आहे. प्रोग्रॅममध्ये पहिल्याच पानावर, "लीलावती यांना, ज्यांनी तलवार परत पाठवली." खाली माझं नाव, आडनावासकट.

बाबा बारा तारखेला आले. मला त्यांना स्वतः सांगायचं होतं, पण किचनमधल्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, मी प्रोग्रॅमचा गठ्ठा ठेवला होता. बाबा चहाची पावडर शोधायला गेले आणि तो हाती लागला. तिथेच उभ्यानं वाचलं त्यांनी.

ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, अश्लेषा. माझ्या वडिलांनी झाकली, मी झाकली. तू ती परक्या गावात, चहाबिस्किटांबरोबर उघडणार?" मी म्हटलं, बाबा, मला तिचा अभिमान वाटतो. तर म्हणाले, "तुला वाटेल. तुला कुणी लेकावळी म्हटलेलं नाही."

आत्या, ते खरंच आहे ना?

तेव्हापासून ते खोलीत आहेत. नाटकाला येणार नाहीत. आडनाव काढ म्हणतात, नाहीतर लगेच परत जातो म्हणतात. नोरीन म्हणते, तुझे वडील महत्त्वाचे, तू नाही म्हणालीस तर मी स्वतः काठी टेकत उभी राहीन. मला ही भूमिका फार हवी आहे. पण बाबांना दुखवून नको. तू सांगशील तसं करीन.

अश्लेषा


मिरज,
१८ मार्च

प्रिय रवी,

हे पत्र तुझ्या मुलीच्या फोनवर येईल, पण ते तुझं आहे. तिनं न वाचता तुझ्या हातात द्यावं असं तिला बजावलंय.

मी त्र्याहत्तरची झाले; या वयात शहाणपण येतं म्हणतात. तुला सत्तरी लागली तरी तू अजून शाळेच्या दारात आठ वर्षांचा होऊन उभा आहेस. मी तुला हसत नाही. त्या दिवशी मीच तुला हाताला धरून घरी आणलं होतं. तुझा शर्ट फाटलेला होता आणि तू आजीकडे न बघता आत निघून गेलास. ती ओसरीवर बसली होती. तू त्यानंतर तिच्याशी धड बोलला नाहीस. पुढच्या वर्षी ती गेली.

आता तुला एक गोष्ट सांगते. आजीनं ती मला सांगितली आणि वर माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली, की तुझ्या बापाला हे कधी कळता कामा नये. वडील होते तोवर मी पाळली. मग सवयच पडली. आता वडिलांना जाऊनही खूप काळ लोटलाय. शपथ ज्याच्यासाठी होती तोच राहिला नाही.

आजीनं कारभाऱ्यांना तीन प्रश्न विचारले असं गावाला ठाऊक आहे. मी अश्लेषालाही तीनच सांगितले. रवी, प्रश्न चार होते.

चौथा तिनं हळू विचारला. वडील तिच्या पदराला धरून उभे होते. तिनं विचारलं, "आणि हा?"

कारभारी म्हणाले, "हा लग्नाआधीचा. जनान्यात कसा येईल? दाई ठेवू. दसऱ्याला भेटवू."

त्यावर ती उठली, रवी. गाण्यावर नाही उठली.

मी तिला विचारलं होतं, मग तू सगळ्यांना गाणं का सांगतेस? तर म्हणाली, "पोराला कळलं की त्याच्यामुळं आई राणी झाली नाही, तर जन्मभर ओझ्याखाली राहील. त्यापेक्षा म्हणू देत, बाई गाण्याची शिष्ट होती." आणि माझी वेणी आवळली.

तू म्हणतोस तिनं तुमचं नाव घालवलं. तिनं तुझ्यामाझ्या बापाला पदराला धरू दिलं. जनान्याबाहेर, दाईच्या हाती, दसऱ्याच्या दसऱ्याला आई बघत वाढलेलं पोर कसं झालं असतं, आणि त्याच्या पोटी तू कसा झाला असतास, ते मला सांग.

झाकली मूठ सव्वा लाखाची, खरंय. पण एकदा उघडून तरी बघ. आत दीड लाख असतील.

नाटकाला जा किंवा नको जाऊस. पोरीला अडवू नकोस.

तुझी,
ताई


मलिंगार,
२३ मार्च

प्रिय ताईस,

शि. सा. न. मी पाटबंधारे खात्यात जन्मभर टिपणं लिहिली, पत्रं नाहीत. चूकभूल द्यावी घ्यावी.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचत दोन दिवस मी पलंगावरच होतो. अनुष्काला वाटलं मी आजारी आहे. दुधाचा चहा घेऊन आली, निम्मा बशीत सांडलेला, आणि विचारलं, "आर यू ग्रँड, आजोबा?" इथे बरं आहे ना, हे असं विचारतात. मी हो म्हणालो. मग ती माझ्या सदऱ्याचं टोक धरून पलंगाजवळ उभीच राहिली. मला वडील दिसले, ताई. तीन वर्षांचे. मी त्यांना कधी तसं पाहिलं नव्हतं. पाहणार कसा?

काल, प्रयोगाच्या दिवशी, शनिवारी सकाळी मी अश्लेषाला हाक मारली आणि म्हटलं, तुमच्या नाटकात एक प्रश्न कमी आहे. तिला सगळं सांगितलं. ती खाली फरशीवर बसून रडली. मग म्हणाली, बाबा, तुम्हीच सांगा नोरीनला. फोनवर माझं इंग्रजी त्या बाईंना कळेना आणि त्यांचं मला कळेना. शेवटी त्या काठी टेकत घरी आल्या. ओर्सोलाला मुलगा नव्हता. दुपारपर्यंत तो झाला. पॉरिकचा धाकटा पोरगा घेतला, बोलायचं काही नव्हतं, फक्त झगा धरून उभं राहायचं.

चर्चचा हॉल, लाकडी बाकं, दारात लकी ड्रॉची तिकिटं विकत होते. मला पहिल्या रांगेत बसवलं. प्रोग्रॅम हातात होता. आजीचं नाव छापलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

ड्यूक जाजमावर बसला तेव्हा त्याचा गुडघा वाजला आणि लोक हसले. अश्लेषा हसली नाही, हललीही नाही. ताठ बसली होती. ताई, आजी तशीच बसायची. मी विसरलो होतो असं मला वाटत होतं.

मग तलवार आली. तीन प्रश्न झाले. लोकांना वाटलं संपलं. तेव्हा अश्लेषानं त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "अँड धिस वन?" पण शेवटच्या बाकापर्यंत गेलं. मग ती उठली. कुंकू मी पुण्याहून आणलेल्या डबीतलं होतं, सकाळी मीच दिलं. तलवार दाराकडे निघाली आणि तो बोव्हरानवाला म्हातारा थांबला, तशी ती ओरडली, वाजवा. त्यानं असं वाजवलं की बाकं थरथरली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी बसून होतो. माझ्या बाजूच्या बाईंनी न विचारता मला रुमाल दिला.

नंतर चहा, सँडविच. एक वयस्कर गृहस्थ हात पुढे करून आले. त्यांना नोरीनबाईंनी आधीची गोष्ट सांगितलेली असावी. म्हणाले, "सो युअर ग्रॅनी वॉज अ क्वीन?"

ताई, मी आयुष्यभर हे वाक्य ऐकायची वाट बघितली. "तलवार आली होती" म्हणून थांबायचो ते ह्यासाठीच, की समोरच्यानं हे म्हणावं आणि मी नाही म्हणू नये.

मी म्हणालो, "नो. शी वॉज द किंग्ज मिस्ट्रेस. ही सेंट द स्वोर्ड. शी सेंट इट बॅक."

त्या गृहस्थांनी माझा हात पुन्हा हातात घेतला. मग म्हणाले, "फेअर प्ले टु हर." अश्लेषा मागे उभी होती, तिला अर्थ विचारला. म्हणाली, बाबा, इथे यापेक्षा मोठी शाबासकी नसते. मी त्या गृहस्थांना हाक मारून परत बोलावलं आणि सांगितलं, परत पाठवण्याआधी तिनं सगळ्यांना जेवायला वाढलं होतं. हे राहून जायला नको होतं.

एक काम आहे. तुझ्या ट्रंकेत आजीचा तंबोरा घेतलेला फोटो आहे, मला ठाऊक आहे तो तू कुणाला दाखवत नाहीस. तो मोठा करून घे. पुण्याच्या हॉलमधली महाराजांची तसबीर मी काढणार नाही, माझे आजोबाच आहेत ते. पण ती हातभर खाली सरकवायची आहे. वर गादीवर ती बसेल, आणि खाली जाजमावर ते.

मी तीस तारखेला पोचतो, फोटो न्यायला मिरजेला येईन. तोवर सुताराला सांगून ठेव. खिळा जाड लागेल, फ्रेम सागवानी करायची आहे.

तुझा,
रवी